'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' – मावशीचा अनुभव, तुमचेही लिहा

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

मावशीला विचारून लिहिते आहे. "माझं नाव तेवढं घालू नकोस, बाकी सगळं लिही, कुणाचे तरी पैसे वाचतील," असं ती म्हणाली. म्हणून तपशील गाळत नाही.

मावशी मिरजेला एकटी राहते. वय ६९. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वीजबिल, गॅस, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, सगळं स्वतः ऑनलाइन करते. हे आधीच सांगते, कारण "म्हाताऱ्या माणसांना कळत नाही" हे वाक्य गेल्या दोन दिवसांत मी फार वेळा ऐकलं आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी ती लॅपटॉपवर गुरुचरित्राची पीडीएफ शोधत होती. एका साइटवर क्लिक केलं आणि अख्खी स्क्रीन निळी झाली. भोंगा वाजायला लागला. एक बाई इंग्रजीतून पुन्हा पुन्हा सांगत होती की कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद केलात तर तुमची माहिती जाईल. मधोमध मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, खाली फोन नंबर. क्लिक करून खिडकी बंद होईना, भोंगा थांबेना, दुपारची वेळ, शेजारी तान्हं बाळ. तिने नंबर लावला.

फोन उचलणाऱ्याने सगळ्यात आधी काय केलं, तर कुठली बटणं दाबली की आवाज बंद होईल ते सांगितलं. आवाज बंद झाला. मावशी म्हणते, "तिथेच माझा विश्वास बसला. भोंगा थांबवला म्हणजे तो आपल्या बाजूचा, असंच वाटलं."

मग अ‍ॅनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) उतरवून घ्यायला लावलं, त्यातला आकडा विचारला. कॉम्प्युटरवर एक यादी उघडून दाखवली, लाल-पिवळ्या खुणांनी भरलेली. "माताजी, ये देखिए, एक हजार से ज्यादा एरर." तीन वर्षांच्या सुरक्षेचे ४,९९९ रुपये, ते आत्ता भरा म्हणाला. तिने नेटबँकिंग उघडून भरले. लगेच स्क्रीन काळी झाली. "स्कॅनिंग चालू आहे, हात लावू नका." मोबाइलवर आकडे यायला लागले, तर म्हणाला हे 'कॅन्सलेशन कोड' आहेत, व्हायरसने केलेले व्यवहार आम्ही रद्द करतोय, मला सांगत जा. तिने सांगितले. ४९,००० गेले, मग ३५,०००. एकूण ८८,९९९.

मावशीला फोनवर बोलताना लिहून ठेवायची सवय आहे. आडव्या रेघांची शाळेची वही, डाव्या समासात वेळ. त्या दिवशीचं पानही आहे: "१२.१० – संपर्क. १२.२५ – सॉफ्टवेअर घातले. १२.५० – रु. ४,९९९ भरले. १.०५ – स्क्रीन बंद. कोड दिला. १.१२ – कोड दिला." शेवटची ओळ "१.२० –" एवढीच आहे. पुढे काही नाही. तेव्हा तिने बँकेचा मेसेज नीट वाचला होता.

हे गुरुवारी घडलं. मला कळलं शनिवारी संध्याकाळी, मी पुण्याहून गेले तेव्हा. ज्वारी निवडत बसली होती, वर न बघता म्हणाली, "सांगायचंय, पण ओरडू नकोस." आणि मी पहिलं वाक्य काय बोलले, तर "अगं, ओटीपी का दिलास?" ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. मी असंच बोलेन या भीतीनेच तर ती दोन दिवस गप्प होती, आणि त्या दोन दिवसांत पैसे तीन खात्यांतून पुढे गेले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली. त्यातले २१,४०० कुठल्याशा खात्यात अडवले गेलेत असं कळलं. आज बँकेत गेलो, तर "ओटीपी तुम्हीच दिलात, आम्ही काय करणार?" आणि अर्ज घ्यायलाच टाळाटाळ.

दोन गोष्टी हव्या आहेत. पुढे काय करायचं ते माहीतगारांनी सांगा. आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी लिहा. मावशी वाचते आहे.

नेटवर्कवाला | सोमवार, रात्री १०.२५

ताई, आधी मावशींना नमस्कार सांगा. मी १४ वर्षं कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यांना जे दाखवलं गेलं ते एकेक उलगडून सांगतो, कारण एकदा जादू कळली की ती पुन्हा चालत नाही.

निळी स्क्रीन हा व्हायरस नव्हताच. ते एक साधं वेबपान होतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. ऑल्ट धरून एफ४ दाबायचं. नाही झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, जी यादी येते त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क'. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं. काही बिघडत नाही. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' विचारेल, त्याला नाही म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर फोन नंबर दिसला की पुढचं वाचायचीही गरज नाही.

लाल-पिवळी यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज त्यात रोजची बारीकसारीक नोंद ठेवतं. प्रिंटर सापडला नाही, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, सगळं 'एरर' म्हणून. मी आत्ता ज्यावर टाइप करतोय त्या मशीनवरही शेकड्याने आहेत आणि मशीन उत्तम चालू आहे.

दुसरी एक युक्ती फोन तिकडून येतो तेव्हाची. कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करायच्या) काळ्या खिडकीत 'असॉक' टाइप करायला लावतात आणि म्हणतात, "तुमचा लायसन्स क्रमांक आम्ही सांगतो, जुळतो का बघा." ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक वाचून दाखवतात. तुमच्याकडेही तोच दिसतो. माणूस हादरतो. तो क्रमांक तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच विंडोजमध्ये तोच असतो.

तिसरी युक्ती 'नेटस्टॅट' या आज्ञेची, जी कॉम्प्युटर कुठे कुठे जोडलेला आहे त्याची यादी दाखवते. त्यात एका रकान्याचं नाव 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असतं. अर्थ एवढाच की समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता, मग तो तुमच्याच घरातला का असेना. पण सांगताना सांगतात, "बघा, परदेशातले लोक तुमच्या मशीनमध्ये शिरलेत." इंग्रजी येणारा माणूस यात जास्त फसतो, कारण तो शब्द वाचू शकतो.

स्क्रीन काळी झाली ती अ‍ॅनीडेस्कमधल्याच सोयीने. त्याला तुमची स्क्रीन दिसत असते, तुम्हाला नाही.

आता करायचं काम. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा. फोटो-कागदपत्रं पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने घाला. नुसतं अ‍ॅनीडेस्क काढून भागत नाही, जाताना आणखी काय ठेवून गेलाय सांगता येत नाही.

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ११.०२

वाईट वाटलं. पण थोडं कडू बोलतो. साठीपुढच्या लोकांना नेटबँकिंग द्यायलाच नको. मी आईवडिलांचं बंद करून टाकलं. पासबुक आणि चेकबुक. सगळे व्यवहार मी बघतो. काही बिघडत नाही.

नाशिककर_ताई | मंगळवार, सकाळी ८.१५

@स्पष्टवक्ता, मी ४१ वर्षांची आहे, नोकरी करते, आणि माझे ६२,००० गेले. मग माझंही बंद करायचं का?

वॉशिंग मशीन पाणी सोडेना म्हणून नेटवर कंपनीचं कस्टमर केअर शोधलं. पहिलाच नंबर लावला. अतिशय नम्र माणूस. "मॅडम, तक्रार नोंदवायला दहा रुपये लागतील, मी फॉर्मची लिंक पाठवतो." व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली, उघडली तर फोन म्हणाला 'अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, परवानगी द्यायची का'. दिली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. दहा रुपये भरायला यूपीआय पिन टाकला. रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान तीन व्यवहार. माझे सगळे ओटीपी त्याच्या फोनवर जात होते.

मशीनच्या मागच्या बाजूला कंपनीचा टोल फ्री नंबर छापलेला होता, अगदी नळीच्या शेजारी. तेव्हापासून फ्रीज, मिक्सर, गीझर, सगळ्यांचे नंबर बिलांवरून बघून एका कागदावर लिहिले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. नेटवर शोधायचेच नाहीत.

काउंटरपलीकडे | मंगळवार, सकाळी १०.५०

मी एका सरकारी बँकेतून निवृत्त झालो. ताईंना शाखेत जे सांगितलं गेलं ते अर्धवट आहे.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीविषयी. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. शाखेत तुम्हाला हे शेवटचं वाक्य ऐकवलं.

न सांगितलेलं असं: कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी ते नुकसान बँकेचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, ग्राहकाने निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं नसतं. तुमच्या प्रकरणात स्क्रीन काळी केलेली असताना नवीन लाभार्थी (पैसे पाठवायचं नवं खातं) जोडला गेला असणार, तो मावशींनी जोडला नाही. हे अर्जात स्पष्ट लिहा. पैसे सगळे मिळतील असा शब्द मी देत नाही, पण मांडायलाच हवं.

अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

१९३० विषयी थोडं. पुष्कळांना वाटतं तिथे फक्त नोंद होते. तसं नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या त्या यंत्रणेत बँका जोडलेल्या आहेत. तुमच्या व्यवहाराचा क्रमांक टाकला की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते. पैसे तिथे असतील तर अडवले जातात, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला सूचना. म्हणजे ही शर्यत आहे. चोर पैसे पाच-सहा खात्यांत फिरवून एटीएममधून काढायच्या घाईत असतात. पहिल्या तासात फोन केला तर हाताला बरंच लागतं, दोन दिवसांनी उरलंसुरलं. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. मावशींची वही इथे सोन्याची आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी नीट नोंद घेऊन आलेला तक्रारदार मी पाहिला नाही. तिची झेरॉक्स अर्जाला जोडा.

अडवलेली रक्कम सोडवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो. तक्रार क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा, ते अर्ज कसा करायचा सांगतील.

मीरारोडकर | मंगळवार, दुपारी १.३०

हे फोन करणारे कोण असतात, याची एक बाजू माझ्या दारात घडली आहे म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून जास्त मुलामुलींना ताब्यात घेतलं. ते अमेरिकेत फोन करून "आयकर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, अटक होईल" असं धमकावायचे आणि गिफ्ट कार्डांतून पैसे उकळायचे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने ५६ माणसं आणि अहमदाबादची ५ कॉल सेंटरं अशा ६१ जणांवर आरोपपत्र ठेवलं. मुख्य संशयिताला एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावर पकडलं.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा अशाच ठिकाणी लागला होता. बारावी झालेला, इंग्रजी बरं. घरी सांगितलं होतं, 'इंटरनॅशनल प्रोसेस'. पहाटे पाचला रिक्षातून उतरायचा, आई त्याच्यासाठी पोहे करून ठेवायची. तिला खरंच माहीत नव्हतं. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तांत्रिक मदतीच्या नावाखालचा धंदाही असाच मोठा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यातले दोन गुन्हे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्याच तक्रारीवरून दाखल झाले होते. सांगायचं एवढंच की मावशींशी बोलणारा एकटा भामटा नव्हता. त्याच्यासमोर संहिता असते. समोरचा घाबरला तर काय बोलायचं, शंका घेतली तर काय बोलायचं, सगळं लिहिलेलं. भोंगा थांबवणं हे त्या संहितेचं पहिलं पान.

एडिसनहून | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

न्यू जर्सीत राहते. सासरे थंडीत आमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. इथे रिफंडवाले जास्त. "तुम्ही घेतलेली अँटीव्हायरस सेवा बंद होतेय, ३०० डॉलर परत द्यायचेत." स्क्रीन ताब्यात घेतली, फॉर्ममध्ये ३०० टाकायला लावले आणि आकडा ३०,००० झाला. मग तो माणूस रडायला लागला. "अंकल, माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत द्या." खात्यात खरंच तेवढी शिल्लक वाढलेली दिसत होती. आमच्याच बचत खात्यातले पैसे त्याने चालू खात्यात सरकवले होते. काही वेळा तेवढंही करत नाहीत, ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा नुसता बदलून दाखवतात.

सासऱ्यांना लोभ नव्हता. त्या पोराची नोकरी जाऊ नये म्हणून ते गिफ्ट कार्डं आणायला बर्फातून चालत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुणी फोनवर सांगितलंय का?" तिने कार्डं दिली नाहीत. मी नंतर तिला भेटून आले.

इथल्यांसाठी: आधी बँकेला फोन, मग एफबीआयच्या आयसी-३ वर (इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींची साइट) आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) तक्रार. भारतातून आलेल्या आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा की इथलं कुठलंही सरकारी खातं किंवा खरी कंपनी फोन करून गिफ्ट कार्डांतून पैसे मागत नाही.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९.०५

घाईत विचारते. बाबांनी आज दुपारी 'सिम बंद होईल' सांगणाऱ्याच्या बोलण्यावरून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, स्टार आणि आकडे असलेला एक कोडही लावला. पैसे गेलेले नाहीत. अ‍ॅप काढून टाकलंय. झालं ना?

नेटवर्कवाला | मंगळवार, रात्री ९.१२

@पाऊलवाट, नाही झालं. तो कोड बहुतेक कॉल फॉरवर्डिंगचा. म्हणजे बँकेचा ओटीपी सांगणारा फोन त्याच्याकडे जाईल. आत्ता बाबांच्या फोनवरून ##००२# लावा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. मग *#२१# लावून खात्री करा. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' मध्ये अनोळखी नाव दिसतंय का पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग तात्पुरतं थांबवा. मग फोन फॅक्टरी रीसेट. आजच करा, रात्री झोपायच्या आधी.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९.५८

फॉरवर्डिंग चालू होतं. रद्द केलं. बँकेने खातं थांबवलंय. हात थरथरतायत. आभारी आहे.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७.३०

@पाऊलवाट, वाचून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगल्या अर्थाने.

@स्पष्टवक्ता, तुमचा हेतू काळजीचा आहे हे कळतं. पण मावशीचं नेटबँकिंग बंद केलं तर पेन्शन जमा झाली का हे बघायला तिला माझी वाट बघावी लागेल. तिने आयुष्यात कुणाकडे पैसे मागितले नाहीत. आम्ही असं केलंय: मोठी ठेव आणि बचत वेगळ्या खात्यात, त्याला ऑनलाइन काहीच नाही. रोजच्या खात्यात दहा-बारा हजार, यूपीआयची दिवसाची मर्यादा पाच हजार. बँकेचा प्रत्येक मेसेज तिला आणि मला दोघींना येतो, तेही तिने हो म्हटल्यावर.

आणि एक ठरलंय. असं पुन्हा काही झालं, कितीही रुपये गेले, तर ती मला लगेच फोन करणार आणि मी फक्त तीन गोष्टी विचारणार: कधी, किती, कुठल्या खात्यातून. 'का' विचारायचं नाही.

स्पष्टवक्ता | बुधवार, सकाळी ९.२०

पटलं. नाशिककर ताई, तुमची माफी मागतो. काल रात्री वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "तू बंद केलंस तेव्हापासून दूधवाल्याचे पैसे द्यायलाही तुला सांगावं लागतं." मला एवढं जाणवलं नव्हतं. छोटं खातं उघडून देतोय.

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार

पुढचं सांगायचं राहिलं होतं. बँकेने अर्ज घेतला, शिक्का मिळाला, उत्तर अजून नाही. तीस दिवस झाले की लोकपाल. २१,४०० सोडवायचा अर्ज कोर्टात दिलाय. काउंटरपलीकडे काका, तुम्ही सांगितलेले मुद्दे अर्जात जसेच्या तसे वापरले.

सगळ्यांनी सावध राहावं अशी एक गोष्ट: ज्यांचे पैसे एकदा गेलेत त्यांचे नंबर या लोकांत फिरतात. काल मावशीला फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम सापडलीय, सोडवायला २,५०० फी भरा." पोलीस असे पैसे फोनवरून मागत नाहीत.

मी घरी नव्हते. संध्याकाळी गेले तर वही टेबलावर उघडीच होती.

"११.४० – फोन. सायबर सेल म्हणाला. फी मागितली. कोणते ठाणे, विचारले. सांगेना. ११.४२ – फोन ठेवला. ११.४५ – १९३० ला नंबर कळवला. कुकर लावला."